धोंड्याच्या महिन्याचा अभ्यास

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. तू गेलीस तेव्हा तुझे केस काळे होते. माझे कधीच पांढरे झाले. तुला 'तू' म्हणताना आता एखाद्या धाकट्या बाईशी बोलल्यासारखं वाटतं, आणि तेच बरं वाटतं. आईशी जे बोलता आलं नाही ते धाकट्या बाईशी बोलता येईल.

तू मला घरी शिकवलंस त्या एका वर्षाबद्दल लिहायचं आहे. आपल्या गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकायचं तर खिंड ओलांडून भोरला जायला हवं, आणि मुलीला भोरला ठेवणार कोण? तिथे आजोळ होतं, पण मुलगी शिकायला दुसऱ्या घरी ठेवायची रीत नव्हती. चौथी होऊन मी घरात बसले त्याला तीन वर्षं होत आली होती. गुरं, धाकटा भाऊ, पाणी. मग त्या वैशाखात सारोळ्याहून आत्या आली. जेवणं झाल्यावर तिने सुपारी कातरत आबांपुढे विषय काढला. "पोरगी उजवायला झाली, दादा. आमच्या पुलापाशी चांगलं घर हाय. दुकान हाय, मोटारी थांबत्यात. औंदा न्हाई तर पुढच्या वैशाखात उरकून टाकू." आबा काही बोलायच्या आत तू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणालीस, "वन्सं, ती फायनलला बसणार हाय."

ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आबाही. "कुठं बसणार?" त्यांनी विचारलं. तू सांगितलंस की मराठी सातवीची परीक्षा घरी शिकून देता येते, तुझ्या माहेरच्या शेजारचा पोरगा नुकताच तशीच देऊन आला, आणि फायनल पास झालेल्या मुलीला पुण्याला ट्रेनिंगला घेतात, मास्तरीण करतात. आत्या हसायला लागली. "आन् शिकवणार कोण? तुमी? वैनी, तुमची चौथी, तिची चौथी. दोघींची मिळून आठवी झाली म्हणा की!" आबाही हसले. तू हसली नाहीस. भाकरी परतत म्हणालीस, "आठवी झाली म्हणता, मंग सातवीला कशाला भ्यायचं?" मग आबा जास्तच हसले. मला वाटतं, त्या हसण्यातच काम झालं. "एक साल," ते आत्याला म्हणाले. "पुढच्या वैशाखापर्यंत पास झाली तर पुण्याला धाडू. न्हाईतर तू म्हणशील ते घर." आत्याने मान डोलावली. एका वर्षाने काय फरक पडतो, असं तिला वाटलं असणार.

ज्येष्ठात, पावसाआधी, आपण दोघी तुझ्या माहेरी भोरला गेलो. शेजारच्या बाईंनी मुलाची पुस्तकांची पेटी ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, सगळी न्या, धूळ तरी जाईल. सगळी नेणं शक्य नव्हतं. खिंडीतून डोक्यावर जेवढं वाहता येईल तेवढंच. सातवीला काय असतं हे तुला ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारायची तुला लाज वाटत होती. तू प्रत्येक पुस्तक उघडलंस, पण वाचलं नाहीस. पानांच्या कडा बघत गेलीस. "हे बघ, हितं पानं काळी झाल्यात. हितं पोरगा अडलाय. अडलाय तिथंच मास्तर विचारत असणार." एक जाडजूड पुस्तक आतून कोरं करकरीत निघालं, ते तू बाजूला सारलंस. भूगोलाच्या एका पानावर मोठा डाग होता. मी दाखवला. तू ते पान नाकाजवळ नेलंस. "ह्यो बोटाचा न्हाई, गुळाचा हाय. ह्यो धरायचा न्हाई." गणित, वाचनमाला, इतिहास आणि बिनपुठ्ठ्याचा भूगोल, एवढं आपण आणलं. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा निवडसमित्यांवरही बसले. पुस्तक निवडायच्या पुष्कळ रीती ऐकल्या. तुझी रीत मी तिथे कधी सांगितली नाही, पण पुस्तक हातात आलं की माझं बोट आधी कडेवर जातं.

मग बेत आखायचा होता. माजघराच्या भिंतीवर तू दुधाच्या हिशोबाचे ठिपके ठेवायचीस, चुन्यात बोट बुडवून. त्याच्याच खाली तू महिन्यांच्या ओळी पाडल्यास. एक महिना, एक ओळ. एक धडा, एक ठिपका. नागपंचमीपर्यंत अपूर्णांक. गौरी बसतील तोवर त्रैराशिक. दसरा ते दिवाळी भूगोल. संक्रांतीपर्यंत इतिहास अर्धा. आवणीचे दिवस तू मोकळे सोडलेस. "भात लावताना पुस्तक उघडलंस तर मीच चिखलात टाकीन." शेजारचा पोरगा पाडवा झाल्यावर आठवड्याभरात परीक्षेला बसला होता, म्हणून पाडव्याच्या पुढे तू कुंकवाचं बोट उठवलंस. आत येणाऱ्या बायका विचारायच्या, ह्ये कसलं व्रत? तू सांगायचीस, "हाय एक."

मला आता ती दुपार दिसते आहे. तू भात कांडते आहेस. पुस्तक उंबऱ्याला टेकवून ठेवलं आहे. मी पाटीवर गणित करते आहे आणि तू मुसळाच्या घावाघावाला विचारते आहेस, "मंग? फुडं?" धडा तू आदल्या दिवशी एकटीने वाचलेला असतो. तो तुला कळला नसेल तर कांडण जोरात चालतं, हे मला समजायला लागलं आहे. अशा वेळी आपण संध्याकाळी शाळेच्या मास्तरांकडे जातो. ते पायरीवर बसून समजावतात. मला समजावतात, पण तू पदराआडून ऐकत असतेस, आणि घरी येताना वाटेत तेच मला पुन्हा सांगतेस, पायली आणि शेर घालून. तुझं सांगणं मला जास्त कळायचं.

त्या साली श्रावण दोनदा आला. धोंड्याचा महिना. घरोघर जावयाला काय वाण द्यायचं याची चर्चा. तू मात्र चुन्यात बोट बुडवून भिंतीवर एक ओळ जास्तीची घातलीस. "देवानं महिना वाढवून दिला बघ." पहिला श्रावण सगळा आवणीत गेला, गुडघाभर चिखलात. पण पुढे खरा श्रावण उभाच होता, म्हणजे गेलेलं काही गेलंच नव्हतं. एरवी तू चालतसुद्धा पळाल्यासारखी होतीस. त्या पावसाळ्यात तू सावकाश होतीस. अपूर्णांक आपण दोनदा केले. वाचनमालेतल्या कविता तू पाठ करून घेतल्यास आणि स्वतःही केल्यास. व्याजाची गणितं आणि भूमिती फाल्गुनावर टाकलीस. फाल्गुन सगळा आपला आहे म्हणालीस.

माघ संपत आला होता तेव्हा मास्तर स्वतः घरी आले. अंगणातूनच म्हणाले, "वैनी, तारीख आली परीक्षेची. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. भोरला."

तू मुसळ थांबवलंस. "पाडव्याआधी? चुकतंय तुमचं मास्तर. गेल्या साली पाडवा होऊन गेला होता."

"परीक्षा इंग्रजी तारखेनं असते वैनी. मार्च म्हणजे मार्च. साहेबाच्या वर्षात धोंडा नसतो."

ते हसत म्हणाले. तू भिंतीकडे बघत होतीस. मला कळायला थोडा वेळ लागला. परीक्षा होती तिथेच होती. धोंड्याने पाडवा पुढे ढकलला होता, आणि पाडव्याला बांधलेला आपला सगळा बेतही त्याच्याबरोबर पुढे गेला होता. देवाने वाढवून दिलेला महिना परीक्षेच्या पलीकडे पडला होता. व्याज, भूमिती, इतिहासाची मागची पानं, सगळं अजून शिल्लक, आणि दिवस थोडे. गावात कुणीही हीच चूक केली असती. आपल्याकडे महिना म्हटला की तो चंद्राचाच.

मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रडायला दिवस न्हाई आपल्याकडं."

आबा संध्याकाळी आले. सगळं ऐकून ते जेवायला पाटावर बसले. मग म्हणाले, "एवढं केलंय, तर पुढच्या साली बसू दे. मी सांगतो तिला सारोळ्याला. थांबंल ती आनखी एक साल." ते मनापासून बोलत होते. आबा खोटं बोलत नसत. तू त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलंस आणि खाली बसलीस. तशी तू कधी बसत नसायचीस.

"तुमी सांगाल," तू म्हणालीस. "त्या ऐकून घेतील. मंग दिवाळीला लोकं बघायला येतील, नुसतं बघायला. मंग म्हणतील, परीक्षा काय लग्न झाल्यावर पण देता येती. आन् तुमी न्हाई म्हणणार न्हाई. तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई. मी नांदतीय न्हवं, मला म्हाईत हाय."

आबा जेवले. उठताना म्हणाले, "मंग बघ तुझं तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पोतेरं घेऊन भिंत सारवलीस. सगळ्या ओळी गेल्या. कोरड्या भिंतीवर एकच ओळ काढलीस आणि मला समोर बसवलंस. "पाणी हटाया लागलं तर आपुन काय करतो? खालचं खाचर पुरं लावतो, वरचं सोडून देतो. दोन्ही अर्धी लावली की दोन्ही जातात. भूमिती वरचं खाचर. तिकडं बघायचं न्हाई." मी म्हटलं, भूमिती आली तर? "आली तर कोरं सोडायचं. कोऱ्याला मार्क न्हाईत, पण मारबी न्हाई." मास्तरांना ते पटलं नाही. थोडं थोडं सगळं करा, असं ते म्हणत होते. तू त्यांचं सगळं ऐकून घेतलंस, गूळपाणी दिलंस, आणि तुझ्याच वाटेने गेलीस. आपण व्याज केलं. फक्त व्याज, आणि इतिहास. तो सगळा शिमगा मी मुद्दल आणि मुदत यांच्यात काढला.

रंगपंचमीच्या दिवशी आपण दोघी भोरला निघालो. खिंडीखालच्या वाडीत पोरांनी आणि बाप्यांनी वाटेत दोर धरला होता, शिमग्याचं पोस्त घेतल्याशिवाय कुणाला सोडत नव्हते. तोंडं रंगलेली, हातात रंगाच्या बादल्या. "पोस्त टाका वैनी, मंग वाट."

"पोरगी परीक्षेला चाललीय. हिच्या लुगड्यावर एक थेंब पडला तर बघा."

"परीक्षा? पोरीची?" एक म्हातारा पुढे आला. "कसली, रांधायची का?"

"रांधायची असती तर तुमच्या सुनंला बसवली असती. तिला गरज हाय म्हणत्यात."

सगळी वाडी हसली, म्हातारासुद्धा. तू गाठोड्यातून पुरणपोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्यास आणि म्हणालीस, ह्या माझ्या हातच्या, सुनंला दाखवा. दोर खाली आला. वाडी मागे पडेपर्यंत तू ताठ चालत होतीस. वळणावर आल्यावर थांबलीस आणि दगडावर बसलीस. मी पाणी दिलं. तू म्हणालीस, "लई ऊन हाय." ऊन अजून तापायचं होतं.

परीक्षेत भूमितीचे प्रश्न आले. मी ते कोरे सोडले. माझ्या शेजारी बसलेला मुलगा त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. व्याज सगळं सोडवलं. कविता विचारली होती, ती तुझ्याच आवाजात आठवली. मी पास झाले, काठावर. निकाल मास्तरांनी वैशाखात आणला. आबा भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते. तोंड, हात सगळे काळे. त्यांनी कागदाला हात लावला नाही. मास्तरांना म्हणाले, "तिच्या आईला दाखवा आधी." सारोळ्याला निरोप त्यांनी स्वतः जाऊन दिला. आल्यावर सांगितलं, "न्हाई म्हणून आलो." तू त्यांना गरम पाणी दिलंस. त्या दिवशी घरात एवढंच बोलणं झालं.

तू नंतर फार वर्षं राहिली नाहीस. मी मास्तरीण झालेली तू पाहिलीस, पहिली दोन वर्षं. एकदा वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहिलीस आणि मी बघताच निघून गेलीस. त्यावर आपण कधी बोललो नाही. तशा आपण कशावरच फारशा बोललो नाही, धड्यांशिवाय. हा कागद पेटीत राहील आणि माझ्यामागे कुणीतरी चुलीत घालील. घालू दे.

एकच सांगायचं होतं, आणि त्यासाठीच इतकं लिहिलं. आबा पाटावर बसून 'पुढच्या साली बसू दे' म्हणाले, तेव्हा मी दाराशी उभी होते. मला त्यांचं पटलं होतं. मी थकले होते, मला भीती वाटत होती, आणि वर्षभर पुस्तक मिटून ठेवायला मिळेल म्हणून मला आतून हलकं वाटलं होतं. तू तेव्हा माझ्याकडे वळून विचारलं असतंस तर मी थांबूया म्हणाले असते. तू विचारलं नाहीस.