जाऊबाईंनी निवडलेला चाकू

५ फेब्रुवारी

चाकू उघडलाच नाही! भर कामात. जाळीतला गुंता कापायला खिशातून काढला, नख लावलं, ओढलं — ढिम्म. सांध्यात गंज. शेवटी पक्कड लावून उघडला, तर पात्याचा तांबडा भुगा हातभर!

जाऊबाई शेजारीच उभ्या. आमची जोडी ना! खाडीतल्या माशांच्या पिंजऱ्यांवर कुणी एकटीने काम करायचं नाही, दोघीदोघींनी करायचं. आणि जी दोरात अडकते तिचा हात स्वतःच्या खिशापर्यंत पोचत नाही. म्हणून इथली रीत अशी, की माझ्या खिशातला चाकू माझ्यासाठी नाही, जोडीदारणीच्या जिवासाठी. तेव्हा तो निवडायचाही तिनेच. तिचा मी. आणि माझ्या वाट्याला जोडीदारीण कोण, तर घरात मधोमध भिंत घालून वेगळी राहणारी थोरली जाऊ. नशीब काढलंय मी!

बाईसाहेबांनी भुग्याकडे बघितलं. "हा माझा जीव वाचवणार होता?" म्हणाल्या आणि टोपली उचलून चालत्या झाल्या. असं बोलतात की धड भांडताही येत नाही.

मुकादमाला पुन्हा सांगितलं, माझी जोडी बदला. आम्ही त्याला शिट्टी म्हणतो, तोंडात कायम शिट्टी असते म्हणून. शिट्टी बाजूला करून म्हणाला, "बघू." गेल्या वर्षीपासून बघतोय. आणि म्हणाला, दोघींनीही नवे चाकू आणा, कंपनीचे हे लोखंडी तुकडे आता बास.

६ फेब्रुवारी

नवऱ्याने जेवताना चाकूपुराण लावलं. ज्याला कांदा दिला तर बोट कापून आणतो, तो मला पोलादाचे प्रकार शिकवतोय! मोबाइलमध्ये वाचून — अमुक पोलादाची धार टिकते पण गंज धरतो, तमुक गंजत नाही पण लवकर बोथट होतं. शेवटी त्याने पसंत केला तो कुठला, तर ज्यात कात्री, स्क्रू-ड्रायव्हर आणि दात कोरायची काडी आहे. म्हटलं, बाई बुडतेय आणि मी दात कोरू?

"वहिनी काय म्हणते?" असं हळूच विचारलं. भिंत घालताना दोघे भाऊ कसे छाती काढून उभे होते, आता हळूच विचारतात. मी म्हटलं, जाऊन विचारा की, दार आहे त्यांना.

१० फेब्रुवारी

दुकानात गेलो. बसमध्ये त्या पुढे, मी मागे.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "न गंजणारा चाकू नसतो बाई. उशिरा गंजणारा असतो. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा." मग म्हणाला, "बहिणी का?" दोघी एकदम — "छे!"

मी काळा घेतला. सडपातळ, चकचकीत, एका झटक्यात उघडणारा. कुणी काढला तर बघत राहावं असा. खरं तर मलाच हवा होता, पण रीत म्हणजे रीत, दिला जाऊबाईंच्या हातात. त्यांनी उलटापालटा करून बघितला आणि खिशात टाकला.

आणि माझ्यासाठी त्यांनी काय निवडलं? पिवळाधमक! जाड प्लास्टिकची मूठ, टोक बोथट, पात्याला अर्ध्यात करवतीसारखे दात. बदकाचं पिल्लू बरं दिसेल. शिवाय एवढ्यावर समाधान नाही, दुकानदाराकडून पातं ढकलायची खुंटी आणि खिशाला अडकवायची पट्टी उलट्या बाजूला लावून घेतली. बनवणाऱ्याने काय झोपेत लावली होती? पण आमच्या बाईसाहेबांचा हात लागल्याशिवाय कुठलीच वस्तू नीट होत नाही!

म्हटलं, टोक का नाही? "पाय कापायचा नाहीये, दोर कापायचाय."

११ फेब्रुवारी

शिट्टी म्हणाला, "केळं आणलंस का डब्यात?" सगळ्या हसल्या. जाऊबाई सोडून.

१२ फेब्रुवारी

दोन्ही चाकू खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकून ठेवलेत. जाऊबाईंची परीक्षा! आठवडाभर बुडवायचे, काढायचे, ओल्या पोत्यावर ठेवायचे. पोरांच्या शाळेचा निकालही त्यांनी एवढ्या गंभीरपणे बघितला नसेल.

१९ फेब्रुवारी

निकाल लागला. पिवळं केळं आहे तसंच. काळ्याच्या स्क्रूभोवती तपकिरी ठिपके, आणि उघडताना करकर. एवढी चकाकी, आणि आतून हे!

त्या टोमणा मारतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. एक नाही, चार. त्यांनी फक्त विचारलं, "जीव तुझा आहे. चालेल का हा?"

बदलून आणू म्हणायचं होतं. तोंडातून निघालं — "चालेल!"

मूर्ख बाई. म्हणजे मी.

२१ फेब्रुवारी

आता माझं लक्ष कामात कमी आणि त्यांच्या खिशाकडे जास्त. पण रोज काम संपलं की त्या नळावर बसतात, मी निवडलेला तो गंजका काळा चाकू धुतात, पुसतात, सांध्यात तेल सोडतात, चार वेळा उघडझाप करून बघतात. माझ्यासमोर. घरची भांडी घासताना नाही इतकी आस्था!

काळा आता करकरत नाही.

२४ फेब्रुवारी

आज एक कळलं. लिहू का नको असं झालंय, पण इथे कोण वाचतंय!

पिंजऱ्याची सुटलेली दोरी उजव्या हातात धरली होती. डावा हात आपोआप खिशात गेला, अंगठ्याखाली बरोबर खुंटी, आणि चाकू उघडला. बघायचीसुद्धा गरज पडली नाही. मी तशीच उभी.

मी डावरी आहे. आईने फटके मारून मारून उजव्याने जेवायला लावलं, लिहायला लावलं. सासरी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला अजून माहीत नाही — त्याला पोलाद माहीत आहे! पण गडबड झाली की डावाच हात आधी पुढे येतो. आणि हे बघितलं कुणी, तर भिंतीपलीकडच्या बाईने. बघितलं, बोलली नाही, खुंटी फिरवून घेतली.

मी म्हणणार होते, स्वतःच्या जिवासाठीच केलं ना, माझ्यावर काय उपकार! पण रडू आलं. आणि रडू आलं म्हणून रागही आला.

शिट्टीला सांगून टाकते, जोडी राहू दे.

२६ फेब्रुवारी

आधी सगळं लिहून काढते.

दुपारी वारा सुटला. दोन पिंजरे एकमेकांवर आपटायला लागले. जाऊबाई मोठा दोर सैल करत होत्या, ज्यावर अख्खा पिंजरा बांधलेला असतो तो. त्याचा वेढा त्यांच्या दंडाला बसला आणि बाई फळीवरून सरळ पाण्यात, दोन पिंजऱ्यांच्या मध्ये. दोर ताठ. तोंड पाण्यावर येतंय, जातंय. मी फळीवर पालथी पडले, चाकू उघडला, डाव्या हाताने, लगेच! शिट्टी धक्क्यावरून किंचाळला, "मोठा दोर कापू नका! पिंजरा जाईल!" मी वर बघितलं. मग कापला. त्या करवतीच्या दातांनी दोर चरचर खाल्ला. पिंजरा गेला, मासे गेले, शिट्टीने डोकं धरलं. गेला उडत!

मी त्यांना वर ओढलं. पाणी ओकल्या. चादरीत गुंडाळून बसवलं, तरी दात वाजत होते. "बघा, तुमचं केळं कामाला आलं!" म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घाबरल्या असतील.

२७ फेब्रुवारी

त्या कामावर आल्या नाहीत. संध्याकाळी चहा करून मी भिंतीपलीकडे गेले! नवरा दारात तोंड उघडून उभा. जाऊबाईंच्या दंडावर काळानिळा पट्टा. चहा घेतला, कप विसळून परत दिला. मीच बोलत होते. आपला चाकू कसा फटकन उघडला, दोर कसा चिरला. दोनदा सांगितलं बहुतेक. त्या म्हणाल्या, "चाकू चांगला आहे."

कित्येक दिवसांनी शांत झोप लागेल.

२८ फेब्रुवारी

शिट्टीला म्हटलं, माझी जोडी बदलू नका, हीच राहू दे. म्हणाला, बदलली. सकाळीच जाऊबाई सांगून गेल्या. का, विचारलं. तोंडातली शिट्टी काढून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या म्हणाल्या, मी पाण्याखाली होते, चाकू उघडा होता, आणि हिने आधी तुमच्याकडे बघितलं."