खिडकीला गज नसलेला डबा

सोमवार, ३ फेब्रुवारी

डबा आला. खोकं उघडलं आणि डोकंच फिरलं. खिडक्यांना गज नाहीत! निळा रंग ठीक, चाकं ठीक, दारावरचं अक्षर न अक्षर बरोबर – आणि खिडक्या नुसत्या उघड्या. आठ महिने वाट पाहिली याची. आत बसलेली माणसं तर कोट-टोपीवाली. ती मी रंगवून धोतरात आणतो, तेवढं जमतं. पण गज?

कोकिळा म्हणाली, "वीतभर डबा अन् तुमाले गज पाह्यजेत. कोण पडून राह्यलं त्याच्यातून?"

बायकोला रेल्वेतलं काही कळत नाही. बुलढाण्याला रेल्वेच नाही; गाडी फक्त आमच्याच घरी, मागच्या खोलीत, पलंगाच्या फळीवर – याचंही तिला काही नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मलकापूरच्या ज्ञानेश्वरचा फोन. त्याचं सरकीचं दुकान, पण जीव माझ्यासारखाच छोट्या गाड्यांत. त्यालाही तसाच डबा आला. "मी रोज टेसनावर उभा राह्यतो हिंमतराव. जनरल डब्याले गज नाही, असं होते काय कधी? कंपनीवाले मोठी माणसं आहेत बे की लेकरं?" त्याच्या मागण्या एकोणीस. इंजिनाचा भोंगा नीट पाहिजे, रूळ स्वस्त पाहिजेत, चहावाला पाहिजे. मी म्हटलं, एका निवेदनात एकच विषय. तीस वर्षं कचेरीत आवक-जावकला बसलो, एवढं तरी मला कळतं.

सहा वर्षांचा होतो तेव्हा मामाकडे अकोल्याला निघालो, मलकापूरहून. पहिली गाडी. सगळी वाट खिडकीचा गज धरून बसलो. उतरल्यावर आईनं हात धुतले तर रडलो, कारण हाताचा तो लोखंडाचा वास गेला. म्हणून गज पाहिजेत. हे निवेदनात लिहिता येत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डबा बनवणाऱ्या कंपनीला निवेदन लिहून झालं. प्रति, मा. व्यवस्थापक, नाशिक. विषय : रेल्वेबाबतची मागणी मान्य होणेबाबत. खाली सविस्तर – छोट्या डब्याच्या प्रत्येक खिडकीला आडवे गज, संकटकालीन खिडकी वगळून. शेवटच्या परिच्छेदात, पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास उपोषण. तो इशारा नसला की निवेदन अर्धवट वाटतं. आणि प्रत माहितीस्तव आठ ठिकाणी : तहसील, पोलीस ठाणे, तीन वर्तमानपत्रं वगैरे. प्रती मी स्वतः फिरून दिल्या, पोच घेतली. बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दिवस भरल्यासारखा गेला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कंपनीचं काही नाही. साधी पोचसुद्धा नाही. माझ्या टेबलावरून एक कागद पोचेशिवाय गेला नाही कधी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

घोटाळा झाला. पेपरवाल्या अविनाशनं छापलं – "रेल्वेसाठी निवृत्त कर्मचारी मंगळवारपासून उपोषणाला". वर माझा लग्नातला फोटो. कुठून मिळाला, देव जाणे.

त्याला फोन केला. म्हटलं, खाली वाचलं का? म्हणे, "काका, निवेदन विषयाच्या खाली कोण वाचते?" तीस वर्षांत मीही वाचलं नव्हतं.

कोकिळा म्हणाली, "आता बसा. पेपरात आलं."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ओट्यावर सतरंजी टाकून बसलो. दुपारपर्यंत बारा माणसं, दोन हार. एक जण म्हणाला, आपल्या डोंगरावर गाडी आली पाहिजे! मी मान हलवली. भूक लागली आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र! सगळा गावच उपाशी, माझ्या उपोषणाला कोण विचारतो? कोकिळेनं साबुदाण्याची उसळ पुढे ठेवली. "आज चालते, आज उपास आहे." मी म्हटलं, मी उपोषणाला बसलोय, उपासाला नाही. ती म्हणाली, "पोटाले काय फरक पडते?" बराच वेळ ताटलीकडे पाहिलं. खाल्लं नाही. चार घास म्हणजे खाणं नव्हे.

संध्याकाळी धामणगाव बढ्याहून वामनराव आले. ओळख ना पाळख. भाजीवाले शेतकरी, पंचाहत्तरीचे, खांद्यावर रताळ्यांचं पोतं. "पेपरात वाचलं. बाप सांगे, आपल्याकडं गाडी येईन. तो गेला. तुमी बसले म्हून आलो." माझ्या शेजारी बसले. रात्री घरी गेलेच नाहीत, इथंच पडले.

लाज वाटते. फार लाज वाटते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सांगून टाकलं. सकाळी चाळीस-एक माणसं होती. उभा राहिलो आणि निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. "छोट्या डब्याच्या" इथं आलो तेव्हा अविनाशनं मोबाइल खिशात घातला. म्हटलं, आता हार काढून नेतील.

वामनराव म्हणाले, "म्हंजे गाडी आहे?"

"आहे. लहान आहे."

"चालते काय?"

"चालते."

"मंग दाखवा ना."

चार-चार करून मागच्या खोलीत नेले. गाडी फिरवली. वामनराव फळीशी डोळे लावून बसले. तीन फेऱ्या झाल्या तरी उठेनात. मग एकदम रागावले. "हे काय? खिडकीले गज नाहीत! लेकरू पडन ना बाहीर. काऊन असं करून राह्यले हे लोक?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत कुणी असं विचारलंच नव्हतं.

सगळ्यांनी सह्या केल्या. सदतीस. वीस दिवसांत कंपनीनं पोच दिली नाही हे ऐकून तर लोक माझ्यापेक्षा जास्त चिडले. वामनरावांनी लिंबूपाणी दिलं. "उठा तुमी. आता हे आमचं काम."

शनिवार, १ मार्च

वामनराव आणि चौघं पहाटेच मलकापूरहून नाशिकच्या गाडीत बसले. कंपनीच्या दारात ठिय्या देणार, गज घेतल्याशिवाय हलणार नाहीत.

ते गेल्यावर सह्यांचा कागद लावायला फाइल काढली. आत कंपनीला लिहिलेलं मूळ निवेदन. सही आहे, तारीख आहे, मीच घातलेला जावक क्रमांक आहे. क्रमांक घातला म्हणजे माझ्या हिशेबी गेलं. आठही प्रती पोचल्या – हेच तेवढं पाठवायचं राहिलं!

वामनरावांना फोन लावला. म्हटलं, परत या, चूक माझी आहे. गाडीच्या आवाजात त्यांना किती कळलं कोण जाणे. म्हणाले, "भुसावळ गेलं मागं. आता परत येता येते काय?"