आई कडी लावून का गेली?

ता. ४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, गुडघ्यापेक्षा जास्त ती. तुला मात्र आज रागावूनच लिहितेय.

राज्यभरच्या चाचणीला मी माझ्याच चौथीच्या वर्गावर होते. प्रश्नपत्रिका वाचणार नाही, अशी आमची सही घेतात. पण उताऱ्याची पहिली ओळ दिसली आणि नजर हटेना. कामाला निघालेली आई, हिसकावलेला चेंडू, बाहेरून लावलेली कडी, खिडकीतला मुलगा. परीक्षा विभागात बसून आपलंच घर मांडलंस की रे! आणि मी कुठाय त्यात? तुझ्या शेजारीच कोंडलेली होते ना मी?

'आई कडी लावून का गेली?' याचं बरोबर उत्तर तू 'रागामुळे' ठरवलंस, हे निकालाच्या तक्त्यात कळलं. माझ्या वर्गात जवळजवळ सगळ्यांनी 'भीतीमुळे' निवडलं. त्यांच्या आया रोज कडी लावूनच कामावर जातात, त्यांना दुसरं काय सुचणार? त्या एका प्रश्नापायी शाळा ठरलेल्या सरासरीखाली घसरली. आता ती महामार्गापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करणार. तो रस्ता ओलांडायला कुठलीही आई मुलीला पाठवणार नाही. माझ्या पोरी घरीच बसतील.

आईलाही विचारलं. ती म्हणाली, आदल्या दिवशी कोपऱ्यावर शेजारचं पोर ट्रकखाली गेलं होतं, त्या धसक्याने कडी लावली, पण आपल्याला कारण सांगणं तिला जमलं नाही. आता तूच काहीतरी कर.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई

ता. ११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. चेंडूने काच फुटली म्हणून ती रागावली, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो. उतारा लिहिताना एकदाही शंका आली नाही, याची लाज वाटते.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, प्रश्न काढणाऱ्याची मागाहूनची शंका चालत नाही. हरकत शिक्षकाची हवी, नावानिशी. म्हणजे पेपर वाचल्याची कबुली तुझ्याच सहीने. चौकशी बसेल, नोकरी जाईल. शिवाय बहिणीचा वर्ग चाचणीला बसतो हे मी विभागाला कळवलंच नव्हतं, तेव्हा माझंही काही खरं नाही. गप्प राहिलो तर शाळा जाते, बोललो तर तू. डोकं चालेनासं झालंय. हरकतीची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. ताई, तूच नको म्हण, म्हणजे मी सुटलो.

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

'तूच नको म्हण' हे बरंय तुझं! लहानपणी कडू औषधही आधी मीच प्यायचं.

नको म्हणायचा मी खूप प्रयत्न केला. आईचं दुखणं, या वयात दुसरी नोकरी कोण देणार, सगळं मनाला बजावून पाहिलं. जीव घाबरतो माझा, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आईला अजून काही सांगितलेलं नाही.

आज वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी उठून विचारायला लागली, बाई, त्या आईच्या प्रश्नाचं आमचं उत्तर चुकलं का? सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी सांगितलं, नाही, बरोबर होतं.

आता वर्गात एक आणि साहेबांपुढे दुसरं, हे मला जमायचं नाही. सोबत हरकत आहे. खाली माझी सही आहे. नेऊन दे.

आमच्यावर जीव असू दे.
तुझी ताई