घरटी पाच शेणी

वाघजाईची वाडी, वडूजच्या वरल्या अंगाला
वैशाख, सन १९९७

चि. सौ. बनूबाईस,

थोरल्या अक्काचा पोटभर आशीर्वाद. (पोट भरायला घरात दुसरं काय न्हाई, म्हणून आशीर्वादच जादा वाढलाय.) इकडं मी खुशाल हाय, म्हंजे अजून मेले न्हाई. तुजा गुडघा कसा हाय? तेल चोळतीस का नुसती कण्हत बसतीस? दादासो पाव्हण्यांना रामराम सांग. ऊस किती गेला ते विचारत न्हाई, सांगितलंस तर माज्याच पोटात दुखंल. तुज्या कुंडल गावात म्हस सुदीक पाण्यात बसून रवंथ करती. इथं तोंड धुतलेलं पाणी मी आळूच्या बुडात घालते, आणि आळू सुदीक माज्याकडं बघून विचारतं, एवढंच का?

अक्षर लागलं न्हाई तर सुनंकडनं वाचून घे. तिसरीत शाळा सुटली त्याला मी काय करू? पत्र लांबणार हाय, तवा आदी चुलीवरचं खाली उतरव.

तुला ठावं हाय, वाडीत दोनच चुली पेटत व्हत्या, एक माजी आणि एक दगडाबाईची. बाकीची कुणी मुंबईला, कुणी मिलट्रीत, कुणी वर गेली, आणि दारांना कुलपं. आमचा बाळासो मुंबईस्नं दर खेपेला एकच तुणतुणं लावायचा, आई, घराला कुलूप घाल आणि चल. मी म्हणायची, दगडीच्या चुलीचा धूर दिसतोय तवर मी हालायची न्हाई. (तिच्यावर माजी माया व्हती असं समजू नगंस. तिची शेरडी माज्या कडब्यात आणि माजी कोंबडी तिच्या परसात, ह्यावरनं आमी दोघी उभ्या जलमात धड बोललो न्हाई. पण भांडायला तरी समोर कुणीतरी लागतंच की.) तवा वाडीत आणखी चार चुली पेटल्या तर मी इथं टिकणार, न्हाईतर माजं बी कुलूप ठरलेलं. ही गोष्ट ध्यानात ठेव, म्हंजे पुढचं कळंल.

तर झालं असं, बाळासोचा धैर्यशील, माजा नातू, जो पुण्यात कंपूटर का काय ते शिकतो, तो पाडव्याच्या मागल्या आठवड्यात एक जीप भरून माणसं घेऊन आला. जीप लोटत आणली, कारण शेवटचा चढ चढायला तिला जमत न्हाई. उतरली ती समदी शिकलेली. कुणी बँकेतला, कुणी मास्तरीण, आणि म्होरक्या नारायणराव म्हणून, डोक्याला हॅट आणि पायात पांढरं बूट. (सांजपतोर बूट तांबडं झालं, हॅट शेरडीनं खाल्ली.) दगडाबाईला वाटलं कुटुंब नियोजनवालं आलं. ती जी कणगीमागं दडली ती बाहेर यीना. मी वरडले, दगडे, अगं तुजं वय काय, तुला कोण नेतंय? तर आतनं म्हणती कशी, त्यांचा काय भरवसा, आकडा पुरा करायचा असंल.

आता ही मंडळी कोण, तर ह्यास्नी सरकार नको. म्हंजे ह्या पार्टीचं नको, त्या पार्टीचं हवं, असं न्हाई. कुठलंच नको. कर नको, लायसन नको, सायब नको. ज्याला जे पटंल ते त्यानं करावं, कुणी कुणावर सक्ती करू ने. मी धैर्याला म्हणलं, ह्यांचं घरात कोण ऐकत न्हाई, म्हणून सरकारवर राग काढत्यात व्हय? तर तो हसला आणि बेत सांगितला. एक बारकी वाडी धरायची, जिथं मतं थोडी. तिथं आपल्या विचाराची दीडेकशे माणसं आणून वसवायची. मग ग्रामपंचायत आपसूक आपली. आणि ती हातात आली की पहिल्या सभेत तिला कुलूप घालायचं. महाराष्ट्रभर हुडकून त्यांनी आपली वाडी काढली, कारण हितं माणूसच न्हाई. आठ दिस ऱ्हायचं, पाणी-हवा बघायची, आणि पटलं तर बाडबिस्तरा आणायचा.

बने, तुज्यापाशी खोटं का बोलू? विचार ऐकून मला ही येड्याची जत्रा वाटली. पण दीडशे माणूस म्हणलं की चुली किती, ते मी बोटावर मोजाय लागले.

बंद पडल्याल्या शाळंच्या खोलीत त्यांनी मुक्काम टाकला. नारायणराव वाडी हिंडून आले आणि लेकीचं लगीन ठरल्यागत फुलले. आजी, इथे सरकार कुठे दिसतच नाही हो! मी म्हणलं, दिसंल कसं, ते कधी आलंच न्हाई. रस्ता न्हाई, डाक्तर न्हाई, मास्तर बदलून गेला तो गेला. विजंचा खांब तेवढा हाय, तार न्हाई. तर त्यांनी त्या खांबाजवळ उभं ऱ्हाऊन फोटू काढून घेतला. (हे स्वतः सरकारी खात्यातनं रिटायर. पेन्शन पहिल्या तारखेला घेत्यात. दगडाबाईनं विचारलं, मग ती सोडली का? ते म्हणाले, तो मुद्दा वेगळा आहे. ती म्हणाली, व्हय, मुद्दा नेहमी वेगळाच असतोय.)

पहिल्याच दिशी पाण्याचा घोळ झाला. टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो, ते आपुन शेंदायचं. आदी प्यायची घागर, मग जनावर, मग भांडी, आणि उरलं तर माणसानं पाय धुवायचं, अशी आपली रीत. ह्या मंडळींनी आदी अंघुळी केल्या. मग पाणी कुणी आणायचं ह्यावर लिंबाखाली बसली. सक्ती तर करायची न्हाई, त्यामुळं ज्याला आपणहून वाटंल त्यानं जावं असं ठरलं. दुपार झाली, कुणाला वाटंना. शेवटी ज्ञानदा म्हणून मास्तरीण व्हती, ती घागर उचलून गपचीप निघाली. मागनं नारायणराव म्हणाले, बघा, स्वेच्छेने! मी म्हणलं, व्हय की. घरोघरच्या सुना अशाच स्वेच्छेनं मेल्यात.

ती पोरगी बरी व्हती. मला विचारायची, आजी, ह्या रिती कुणी ठरवल्या? मोडल्या तर दंड काय? आपल्यात माणूस गेलं की घरटी एक लाकूड आणि पाच शेणी द्यायच्या, ते मी तिला सांगितलं. चुलीला जाळतो त्या शेणाच्या शेणी, त्याच सरणाला. तिनं विचारलं, आणि एखाद्या घरानं दिल्या न्हाईत तर? मी म्हणलं, दिऊ ने. फकस्त त्यांच्या घरातनं कुणी मरू ने. नारायणरावांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, हेच! हेच आमचं सगळं तत्त्वज्ञान! मला वाटलं, आता ही हितं वसत्यात. रातची चुली मोजत निजले.

पुढं टँकर आला न्हाई. एक दिस न्हाई, दुसरा दिस न्हाई. टँकर सरकारचा, तवा त्याची वाट बघणं ह्यांच्या तत्त्वात बसंना. धैर्या जीप घेऊन खाली वडूजला गेला, खाजगी टँकर ठरवायला. तो टँकरवाला म्हणाला, भाड्याचं सोडा, माजी गाडी त्या चढावर घालत न्हाई, आदी सरकारला रस्ता करायला सांगा. हिकडं विहिरीत गाळ लागला. मंडळींच्या बाटल्या सपल्या. शेवटी ती दगडाबाईच्या दारात गेली आणि प्यायला पाणी हाय का म्हणून विचारलं.

हिच्याकडं टँकरचं धरून ठेवल्यालं दोन घागरी पाणी व्हतं. माज्यासमोर मोठेपणा दाखवायचा, हा हिचा जलमाचा रोग. गूळ देऊन पाणी दिलं, तेबी समद्यास्नी, रोज. आणि सवता वड्यातल्या खड्ड्यात वाटी वाटीनं झिरपतं ते पीत व्हती, ज्यात शेरडं पाय घालत्यात. मला कळलं तवा मी शिव्या दिल्या. तर म्हणती, पाव्हण्याला गढूळ पाजू व्हय? तू पाजशील, तुजं घराणंच तसलं. हे तिचं माज्याशी शेवटचं धड भांडण.

मी पाव्हण्यास्नी बोल लावत न्हाई. त्यांनी मागितलं, तिनं दिलं. त्यांच्याच भाषेत, दोघांच्या राजीखुशीनं झालं, सक्ती कुठंच न्हाई.

शनवारी सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसंना. जाऊन बघते तर हगवण आणि वकारी, डोळं आत गेल्यालं. जीप धैर्यासंगट खाली वडूजला. मी शाळंकडं वरडत गेले. बने, त्या दिशी मात्र कुणी लिंबाखाली बसलं न्हाई. बाज उलटी केली, दांडं बांधलं, चौघांनी खांदा दिला. त्यात नारायणरावबी, पांढऱ्या बुटातले. मी मागनं छत्री धरून. उतारावर बाज एका अंगाला झुकली तशी ही आतनं वरडती, हळू चला की मुडद्यांनो, अजून मेले न्हाई! नारायणराव धापा टाकत एकसारखं विचारत व्हते, सरकारी दवाखाना किती लांब? गाडी तरी पाठवतात का हो? माणूस वझ्याखाली असला की त्याला टोमणा मारू ने, एवढी अक्कल मला हाय.

म्हसोबाच्या वळणावर तिचं कण्हणं थांबलं. मी म्हणलं, थांबा आता. पळू नगा, आता घाई न्हाई.

तीच बाज, तेच चौघं, परत चढावर. तिचा पोरगा आसामात मिलट्रीत, त्याला वडूजस्नं तार गेली, पण तो यीपतोर मडं थांबतंय व्हय, ह्या उन्हात. बायांनी मसणवटीत जाऊ ने म्हणत्यात. पण म्हणणार कोण? म्हणणारी एकच ऱ्हायली व्हती, ती बाजंवर.

आता शेणी. घरटी पाच म्हंजे घरटी पाच. घराला कुलूप असलं तरी ते घरच हाय. मी माज्या ढिगातनं पाटी भरली आणि एकेका बंद दारात पाच पाच ठेवत गेले. गोविंदाचं दार, तात्याचं दार, पाटलाचं, समद्यांची. मग पहिल्या दारापासनं त्याच उचलत आले. नारायणराव म्हणाले, आजी, ढीग तुमचाच, मग ठेवायच्या कशाला आणि उचलायच्या कशाला, एकदमच न्या की. त्यास्नी काय सांगू? उपाशी माणसानं सुदीक पानापुढं पाणी फिरवून मग घास घ्यायचा असतो. ज्ञानदानं माज्या हातातली पाटी घेतली आणि पुढची दारं तिनं केली. शाळंच्या उंबऱ्याशी आल्यावर थांबली. म्हणाली, आजी, आमच्या पण पाच मांडा.

मी मांडल्या. आणि बने, मडं दारात असताना माज्या मनात काय आलं सांगू? की ही आता ऱ्हात्यात. उंबऱ्यावर ज्यांच्या शेणी पडल्या ती वाडीचीच झाली. लाज न्हाई मला.

अग्नी धैर्यानं दिला. तो वडूजस्नं रिकाम्या हातानं आला व्हता, हुंदके देत व्हता. मी म्हणलं, रडू नगंस, वारा फिरलाय, त्या अंगाला उभा ऱ्हा.

दुसऱ्या दिशी सकाळी मंडळींनी एक अर्ज लिहिला. कुणाला, तर कलेक्टरसायबाला. टँकर का न्हाई, रस्ता का न्हाई, डाक्तर का न्हाई. पहिली सही नारायणरावांची, खाली समद्यांच्या, आणि माजी बी. मग बाडबिस्तरा जीपमधी घातला. ज्ञानदा माज्या पाया पडली. नारायणराव म्हणाले, आजी, जागा फार चांगली आहे, पण आम्हाला अजून थोडा विचार करावा लागेल. ज्याला विचार करायचा असतो त्याचं तोंड वाडीकडं असतं. ह्यांचं उताराकडं व्हतं. धैर्याबी गेला, त्याची परीक्षा हाय म्हणं.

मंगळवारी टँकर आला. डायवर विचारतो, नारायणराव कोण? सायबांनी हितं ताबडतोब पाणी द्यायला सांगितलंय. मी म्हणलं, गेले. तो म्हणाला, मग वतू का नको? मी म्हणलं, वत बाबा. आख्खा टँकर त्यानं विहिरीत सोडला. पाच-पन्नास घरांचं पाणी, आणि मी एकटी म्हातारी एक घागर घेऊन उभी. दोन दिस मी त्या पाण्याकडं बघत बसले. मग दगडीच्या शेरडीला आंघूळ घातली, दुसरं काय करणार?

असो. बाकी सर्व ठीक. काळजी नसावी. पोराबाळांना गोड पापा.

तुजी अक्का,
चंद्राबाई

ता. क. – दगडाबाईची शेरडी आता माज्याकडं असती. मालकिणीसारखीच हाय, एक ऐकत न्हाई आणि सारखी वरडती. घरात आवाज असतो तेवढाच.

ता. क. दुसरा – तू वीस वर्षं म्हणतीस, अक्का कुंडलला ये. आणि मी म्हणायची, भनीच्या दारात तुकडं मोडायला मी काय गोसावीण हाय? ते मी मागं घेत न्हाई. पण त्या मंडळींची एक गोष्ट मला पटली. आदी आठ दिस ऱ्हाऊन बघायचं, पटलं तर ऱ्हायचं, न्हाई पटलं तर विचार करते म्हणून उताराला लागायचं. तवा आठ दिसांपुरती ओसरीवर जागा हाय का, ते दादासो पाव्हण्यांना विचार. शेरडी संगट असंल.

ता. क. तिसरा – तुमच्यात आता घरोघर गॅस आलाय म्हणतीस. मग माणूस गेलं की घरटी शेणी अजून देत्यात का? आणि परगावास्नं येऊन ऱ्हायल्याल्या बाईला बी देत्यात, का फकस्त गावच्यालाच? सहज विचार कुणाला तरी, माजं नाव घेऊ नगंस. देत नसतील तर काय बिघडत न्हाई, माजा ढीग अजून निम्मा शिल्लक हाय. मला न्यायला जीप नको, उसाची ट्रॉली पाठव. माणूस एकच हाय, पण शेणी लय हाईत.