हृदयातले सांधे

प्रिय गुंड्या,

चाळिशी उलटलेल्या माणसाला गुंड्या म्हणू नये, असं तुझी चिमणी परवा मला बजावत होती. तिच्या बापाचं हे नाव मी ठेवलंय, तेव्हा तक्रार असेल तर माझ्याकडे लेखी द्यावी म्हणावं. आई मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ती कुरकुरते.

प्रयोगशाळेत सध्या मी हृदयाच्या पेशी वाढवतेय. काचेच्या बशीत, कोमट गुलाबी पाण्यात. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहावं तर प्रत्येक पेशी आपल्याच तालात धडधडत असते. एक घाईत, एक रेंगाळत, कुणाचा कुणाशी मेळ नाही. मग त्या पसरतात, एकमेकींना टेकतात. टेकल्या जागी इवलेसे बोगदे तयार होतात आणि एकीची खूण त्यांतून दुसरीला पोचते. एक-दोन दिवसांत बघावं तर सगळी बशी एकाच ठोक्यावर उडत असते! इतकी वर्षं बघतेय, तरी त्या दिवशी मी जेवायची विसरते.

पण नुसती खूण पोचून भागत नाही. हृदय सारखं ताणलं जातं. त्या ताणात पेशी सुटून येऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये घट्ट सांधे असतात, बाबा खुर्चीला करायचे तसे पक्के. काही घराण्यांत मात्र ते जन्मापासूनच कच्चे असतात. माणूस धडधाकट दिसतो, ओझी उचलतो, आणि आतल्या आत पेशी सुटत जातात. सुटलेल्या जागी वण पडतो, चरबी भरते. खुणेची वाट अडते. मग एखाद्या दमछाकीच्या क्षणी हृदयाचा ताल पार बिघडतो.

शाळेमागचा तो चढ मला अजून दिसतो. तू अकरा वर्षांचा. ‘बाबा, टाकीपर्यंत शर्यत!’ असं ओरडलास आणि बाबा चपला काढून सुटलेच. भर दुपारी, लेंगा वर खोचून. मी तुम्हा दोघांच्या चपला उचलून मागून येत होते. ते पुढे होते, मागे वळून तुला चिडवत होते. टाकीपाशी पोचले आणि कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. त्यानंतर तू कधी पळाला नाहीस. समोरून बस सुटली तरी चालतच राहतोस. चिमणीने पकडापकडीला ओढलं की तुझी पाठ दुखायला लागते. तू कधी काही बोलला नाहीस. फक्त त्या वर्षी तापात बडबडलास, ‘मी म्हटलं नसतं तर...’ आईने आणि मी, दोघींनी ऐकलं. तुला काय सांगावं ते तेव्हा आम्हालाच कळत नव्हतं.

मागच्या महिन्यात मला जिन्यात चक्कर आली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या आणि आईच्याही तपासण्या केल्या. काल निकाल हाती आला. माझे सांधे तसेच कच्चे आहेत. आईचे पक्के आहेत, म्हणजे मला हे बाबांकडूनच आलंय. घाबरू नकोस. छातीत एक छोटं यंत्र बसवतील, ताल बिघडला तर ते सावरेल. आणि मी पळायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. जन्मभराच्या आळसाला अखेर डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली बघ! गुंड्या, बाबा आजारी होते. त्यांना ठाऊक नव्हतं, आपल्याला कुठून असणार? तो चढ नसता तर कपाट उचलताना झालं असतं, नाहीतर झोपेत. तू हाक मारलीस आणि ते हसत धावले, एवढंच तुझं त्यात. आता तुलाही तपासून घ्यावं लागेल आणि तुझ्यात निघालं तर चिमणीलाही. पुढच्या आठवड्यात ये, मी सोबत असेन. फोनवर हे सांगितलं असतं तर ‘हं’ म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिलं. नीट वाच, मग फोन कर. आणि रडलास तरी चालेल. मी कुणाला सांगणार नाही.

तुझीच,
तायडी