अण्णांच्या फियाटचा रंग

॥ श्री ॥
सुरत, १४ जुलै १९९४

ती. सौ. सुलभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं इकडे मजेत आहोत. गाडी मात्र मजेत नाही. परवा मानसीला कॉलेजात सोडायला निघालो, तिने मागे बसून पाय टेकला आणि पाय थेट रस्त्यावर! सुरतेच्या दमट हवेने पत्र्याचा पापड करून टाकलाय. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे अण्णांनी चालवणं सोडलं आणि अमरावतीहून मी ती इकडे आणली, तेव्हा म्हणाले होते की तुझ्याकडून ती सांभाळली जाणार नाही. ते खरं ठरू नये म्हणून शेवटी रंगायला टाकली.

उधन्याहून पलसाण्याकडे जाताना डाइंगच्या कारखान्यांच्या अलीकडे एक शेड आहे. तिथला पंडित पेंटर पारोळ्याकडचा, घरी-दारी अहिराणीच बोलतो. नम्रपणा नावाला नाही. गाडीभोवती तो तीन फेऱ्या घालून आला, टपावर टिचकी मारली आणि म्हणाला की साहेब, हाई पेंटिंगनं काम नई शे, हाई ऑपरेशन शे. ही आपली डुकराच्या तोंडाची जुनी फियाट त्याला मनापासून आवडलेली दिसते, कारण त्याने नऊ हजार सांगितले आणि मी सहा म्हटल्यावर गाडीचीच माफी मागितली. साडेआठवर मिटलं. सरलाचं म्हणणं असं की तेवढ्यात नवा फ्रिज आला असता आणि तो निदान पावसात भिजला नसता.

अण्णा ऑपरेशनला तयार झाले का? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून गेलाय आणि हे गृहस्थ अजून तारखा मागतायत. कोर्ट सुटून पंधरा वर्षं झाली, सवय सुटली नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो गाडीवरही थोडा वळव.

तुझा,
मधू


॥ श्री ॥
अमरावती, २५ जुलै १९९४

चि. मधुकरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साडेआठ हजार! यांनी आकडा ऐकला आणि चहात साखर घालायला विसरले. तेवढ्यात आमच्या घराला आतून-बाहेरून रंग होऊन वर दारावर गणपती निघाला असता.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. ‘सांभाळली जाणार नाही’ला त्यांनी समाधानाने मान हलवली. मग म्हणाले की रंग कबुतरी द्यायचा, गाडी घेतली तेव्हा होता तो. मी संधी साधली. म्हटलं, रंग कुठलाही दिला तरी तुम्हाला दिसणार थोडाच आहे? डॉक्टर डोळ्यात भिंग बसवून द्यायला तयार आहेत, तुम्हीच घाबरता. भडकले. घाबरतो हा शब्द मागे घे म्हणाले. मी घेतला नाही. संध्याकाळी स्वतःच म्हणाले की गाडी रंगून दारात येणार असेल तर एका डोळ्याचा विचार करता येईल. म्हणजे मधू, माझा विजय तुझ्या पंडितच्या हातात आहे. त्याला चहा पाजत जा.

पण तू फार आशेने येऊ नकोस, आधीच सांगते. अण्णांनी आयुष्यात कशाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. मी बी. एड.ला पहिली आले तेव्हा बाकीच्या मुली किती होत्या असं विचारलं. तू बँकेत लागलास तेव्हा बँकेची काळजी केली. तेव्हा रंग कितीही छान झाला तरी कुठे ओघळ आलाय तेवढंच ते दाखवतील.

मानसीला म्हणावं, गाडीत पाय वर घेऊन बसत जा.

तुम्हा तिघांना आठवणारी,
सुलभाताई


॥ श्री ॥
सुरत, २२ ऑगस्ट १९९४

ती. सौ. सुलभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी ओळखू येत नाही. काचा, दिवे, बंपर, दरवाजांचे हँडल सगळं काढून पोत्यांत भरलंय. जुना रंग औषध लावून खरवडला, तेव्हा लक्षात आलं की कित्येक ठिकाणी नुसता रंगच उभा होता, मागे पत्रा नव्हताच. पंडितने चिंधा नावाचा वेल्डर आणून कुजका भाग कापला आणि नवे तुकडे जोडले. मग ठोकून ठोकून पत्रा सरळ केला. त्यावर खड्डे बुजवायला लांबी भरायची, वाळू द्यायची, पाण्याच्या पॉलिश कागदाने घासायची, हात फिरवून पाहायचं, पुन्हा भरायची. मीही रविवारी घासायला बसलो. तासाभराने पंडितने माझ्या हातून कागद काढून घेतला आणि साहेब, तुम्ही बँक सांभाळा, असं म्हणून मला स्टुलावर बसवलं.

आता सगळ्या गाडीवर लाल प्रायमर मारून ठेवलाय. गेरू फासलेल्या तुळशीवृंदावनासारखी दिसते. वरचा कबुतरी रंग मात्र मारत नाही. हवेत ओल असताना हा ड्यूको रंग मारला तर पांढुरका पडतो म्हणे, उघडीप हवी. आणि यंदा तापी तर पुलाला हात लावायच्या बेतात आहे. दरम्यान पंडितला गाडी चंदेरी चमकीची करायची आहे. मी नाही म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वेल्डिंग आणि पत्रा धरून आकडा बारावर गेलाय. सरलाला मी अकरा सांगितलाय, तेव्हा पत्रात आकडा लिहू नकोस.

तुमच्या सर्वांच्या मायेत आमचा वाटा राखून ठेव.

मधू


॥ श्री ॥
अमरावती, १२ सप्टेंबर १९९४

चि. मधुकरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि उत्तम झालं! तुझी गाडी तयार नाही हे मी लपवलं, तेव्हा आता तू मला तोंडघशी पाडू नकोस.

पट्टी निघाल्यापासून मात्र घरात कोणाची धडगत नाही. त्यांना सगळं दिसतं. पंख्यावरची धूळ दिसली, यांच्या बनियनचं भोक दिसलं, कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हे दिसलं. माझ्याकडे बघून म्हणाले की तुझे केस कधी पिकले? मी म्हटलं, तुम्ही तारखा मागत होतात तेव्हा.  मग हळूच माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि हाताला तेल लागलं म्हणून लगेच पुसलाही.

रोज सकाळी गेटपाशी जाऊन उभे राहतात. गाडी कधी येणार, हा एकच प्रश्न. सांग, काय सांगू?

वाट पाहणारी,
सुलभाताई


॥ श्री ॥
अमरावती, १६ ऑक्टोबर १९९४

चि. मधुकरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. पालिकेचे फवारणीवाले येऊन गेले, बँक उघडली, हेही वाचलं. माझ्या जिवाला आता कुठे स्वस्थता आहे. सुरतेत प्लेग आल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हापासून तुम्ही दारात दिसेपर्यंत मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. अण्णा तर रेडिओला कान लावूनच बसलेले. तुझा फोन लागत नव्हता. स्टेशनावर माणसांवर माणसं चढतायत असं पेपरात येत होतं.

आणि त्या संध्याकाळी ती गाडी! बिनकाचेची, बिनबंपरची, खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवलेलं, अंगभर लाल प्रायमर आणि मध्ये मध्ये लांबीचे पिवळे डाग. तुम्ही तिघंही त्याच रंगाचे झालेले. मी धावले, पण अण्णा माझ्या आधी पोचले. काळा चष्मा काढला. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले की रंग छान निवडलास मधू.

तुझं तोंड उघडलं आणि मिटलं, ते मी पाहिलं. सरलाने तुझा शर्ट मागून ओढला, तेही पाहिलं.

तुम्ही होतात ते दहा दिवस मी हा विषय काढला नाही. पण आता सांगते, तुम्ही गेल्यापासून अण्णा येईल त्याला सांगतात की मधूने गाडीला मातीचा रंग दिला, कबुतरी जुना झाला होता. समोरचे बन्सीलाल शेठ म्हणाले की असा रंग कधी पाहिला नाही, तर अण्णांनी त्यांना अर्धा तास सुनावलं. आता तू कबुतरी देणार आहेस का? काय ते तूच ठरव, मी काही बोलणार नाही.

आणि वाटेत काय काय झालं ते सविस्तर लिही. अण्णांसमोर तुम्ही तिघंही सारखं ‘प्रवास चांगला झाला’ म्हणत होतात, तेव्हाच मला संशय आला.

तुझी,
सुलभाताई


॥ श्री ॥
सुरत, ३० ऑक्टोबर १९९४

ती. सौ. सुलभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रवास चांगला झाला नाही. आता सांगतो.

त्या दिवशी सोसायटी निम्मी रिकामी झाली होती. स्टेशनावर गेलो तर मानसीचा हात सुटता सुटता राहिला. तिथूनच परत फिरलो. सरला म्हणाली की मरायचंच तर घरात मरू, चेंगरून नको. तिने आयुष्यात पहिल्यांदा असं काही म्हटलं, आणि मला गाडी आठवली. रिक्षा मिळेना म्हणून मिळेल त्या ट्रकने तिघंही पंडितच्या शेडवर गेलो. पंडितही कुलूप लावून गावी निघालेला. गाडी द्यायला मात्र तयार नव्हता. अर्धवट काम तो बाहेर जाऊ देत नाही, त्याचं नाव जातं म्हणे. शेवटी सरलाने विचारलं की तुझं नाव मोठं की माझी मुलगी? त्याने कुलूप उघडलं. आत जाऊन सीट आणल्या, स्वतः बसवल्या, खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं आणि आमच्याबरोबर पुढच्या सीटवर चढला. त्याला पारोळ्यापर्यंत यायचंच होतं.

नवापूरला नाक्यावर सुरतेकडून येणाऱ्या प्रत्येकाला उतरवून तपासत होते. आपल्याला कोणी अडवलंच नाही! ही गाडी सुरतेहून इथवर आली असेल असं कोणाच्या मनातच येईना. जुनी अमरावतीची नंबरपट्टी पाहून शिपाई पंडितला म्हणाला की भंगारवाला पुढच्या चौकात आहे. पंडितचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी गिअर टाकणार तोच सरलाने प्लॅस्टिक बाजूला सारून डोकं बाहेर काढलं आणि आम्ही सुरतेचे आहोत, आम्हाला तपासा, असं ओरडून सांगितलं. अमरावतीच्या घरी म्हातारं माणूस आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिथे तिला आजार न्यायचा नव्हता. मग आमचे घसे पाहिले, कॅप्सूल दिल्या, आणि आम्ही त्या कॅप्सुल पुरत्या संपवल्या. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की दोन्ही मिळून मी धुळ्यापर्यंत गाडी एकदाही थांबवली नाही.

गाडीला दिवे नसल्यामुळे मुक्काम पंडितच्या घरी. त्याच्या आईने, सखुबाईंनी, कुठून आलात म्हणून विचारलं नाही की दूर बसवलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मानसीने चार भाकरी खाल्ल्या, जी घरी दीड खाते.

आता रंगाचं. अण्णांना यातलं काही सांगू नकोस. मी एकावन्न वर्षांचा आहे ताई, आणि अण्णांनी मला छान म्हटलेलं हे पहिलंच. तो प्रायमर होता हे मला त्यांना सांगता येणार नाही. म्हणून परत आल्यावर मी पंडितला सांगितलं की वरचा रंग याच छटेचा मार. तो आधी हसला. मग मी गंभीर आहे हे कळल्यावर खाली बसला. म्हणाला की साहेब, ड्यूकोचे पाच हात मारून, घासून, पॉलिश करून मी गाडी प्रायमरसारखी दिसायला लावू? लोक म्हणतील पंडितने काम अर्धवट सोडलं. मी त्याला कारण सांगितलं. त्याने डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला आणि डबे उघडले. लाल, पिवळा, थोडा काळा असं मिसळून पत्र्याच्या तुकड्यांवर सात वेळा रंग मारून पाहिला, तेव्हा जुळला. त्याच्या आग्रहाने खाली दाराच्या कडेला चंदेरी रेघ तेवढी आली आहे. सगळं धरून चौदा हजार झाले. सरलाला पुरता आकडा सांगितला. ती म्हणाली की सासऱ्यांचा एक शब्द चौदा हजारांना पडला, स्वस्तच पडला.

काल उन्हात गाडी बाहेर काढली. खोटं नाही सांगत ताई, सुंदर दिसते. नांगरलेल्या ओल्या रानासारखी.

दिवाळीचा फराळ पाठव. भाऊबीज उधार. माया रोख असू दे.

तुझा,
मधू


॥ श्री ॥
अमरावती, ८ नोव्हेंबर १९९४

चि. मधुकर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे ३० तारखेचे पत्र सुलभेच्या नावे होते. पोस्टमनने ते माझ्या हाती दिले, व नवा चष्मा कालच आला असल्यामुळे मी ते वाचले. सहा वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले हे पहिले पत्र. दुसऱ्याचे पत्र वाचणे गैर आहे हे मी जाणतो. त्यात तू ‘कॅप्सूल’ दोनदा दोन तऱ्हेने लिहिले होतेस, तेही मी दुरुस्त केले आहे.

आता मुद्दा. बासष्ट साली मूर्तिजापूरजवळ बैलगाडीला धडकून गाडीचा डावा मडगार्ड गेला होता, तेव्हा तिला नवा प्रायमर माझ्यासमोर लावला होता. प्रायमर कसा दिसतो हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्या डोळ्याला भिंग बसवून तीनच आठवडे झाले होते, आणि ते उत्तम चालत होते.

पाच दिवस मी रेडिओपाशी बसलो होतो. काही खावेसे वाटत नव्हते, हे सुलभेला सांगितले नाही. मग गेटाशी गाडी थांबली आणि तुम्ही तिघे उतरलात. मानसीच्या केसांना लांबी लागली होती. तुझी दाढी वाढलेली, आणि तिच्यात पांढरे केस होते. मला काहीतरी बोलायचे होते. कौतुक करण्याचा सराव नसल्यामुळे ते माणसांऐवजी गाडीवर गेले. नंतर दुरुस्त करण्याची संधी मिळेल असे वाटले होते, पण तुम्ही सर्वजण इतके सांभाळून बोलू लागलात की मी भिडस्तपणाने विषय काढला नाही, आणि बन्सीलालपुढे तर मला शेवटपर्यंत तीच बाजू लढवावी लागली. तू खरोखर तो रंग देशील हे माझ्या ध्यानी आले नाही. चौदा हजार ही रक्कम भयंकर आहे.

सरलेने नाक्यावर जे केले ते वाचून मी चष्मा काढून ठेवला व बराच वेळ घातला नाही. तिला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नव्हे, नमस्कार. पंडितला सांग की काम अर्धवट आहे असे कोणी म्हटल्यास त्याने माझ्याकडे पाठवावे.

डाव्या डोळ्याचे ऑपरेशन सोमवारी, २१ तारखेस ठरवले आहे. मी घाबरलेलो नाही. तरी आदल्या दिवशी गाडी घेऊन सर्वांनी यावे, रंग बदलू नये.

प्रकृतीस जपावे.

तुझा,
अण्णा