कोरड्या पेल्यातला घेवडा

ती. अक्कांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? माझं ठीक आहे (सूनबाई विचारते तेव्हाही हेच सांगतो, मग तुम्हाला वेगळं कशाला सांगू).

पत्रास कारण घेवडा. नातीला शाळेतून प्रयोग दिलाय, बी रुजायला काय काय लागतं ते बघायचं. चार पेले, कापूस, प्रत्येकात पाच बिया. एका पेल्याला सगळं द्यायचं, बाकीच्यांचं एकेक काढून घ्यायचं. म्हणजे एक फ्रिजमध्ये, एक अंधारात, एक कोरडा. ती शाळेत, आईबाप कामावर, त्यामुळे देखरेखीला मी, निवृत्त शिंपी. चाळीस वर्षं माणसांची मापं घेतली, म्हटलं बियांची घ्यायला काय जातंय! अंधारातला पेला चपलांच्या कपाटात ठेवला. चिरंजीव सकाळी घाईत बुटात पाय घालायला गेले आणि मोज्यासकट प्रयोगात उतरले. तरीही तिथल्या बियांना मोड आले हो! उजेडावाचून त्यांचं काही अडलं नाही. फ्रिजमधल्या मात्र कुडकुडत बसल्या.

छळलं ते कोरड्या पेल्याने. शेजारी पांढरीशुभ्र मुळं, आणि या बिया चौथ्या दिवशीही होत्या तशाच, माझ्याकडे टकामका बघत (बियांना डोळे नसतात, ठाऊक आहे).

शेवटचे दोन दिवस दवाखान्यात तुमच्या बहिणीचं पाणी बंद होतं. "घोटभर द्या हो," म्हणायची. मी ओल्या कापसाने ओठ पुसायचो आणि सांगायचो, "डॉक्टर नको म्हणालेत." जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, ऐकलं ते नेमकं तेव्हा.

तर, मी त्या पेल्यात पाणी ओतलं. तीन दिवसांत पाचही रुजल्या. नात बघून रडायलाच लागली. "आजोबा, याला द्यायचं नव्हतं! आता मी काय लिहू?" म्हटलं, झालं ते लिही. तिने लिहिलं, 'पेला चौथा. आजोबांनी पाणी दिले. प्रयोग फसला.' बाईंनी त्यापुढे बरोबरची खूण केली आहे.

जास्त काय लिहू? तब्येतीला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. रोपं हवी असतील तर कळवा. इथे खिडकीत जागा नाही.

ता. क. २. विचारायचं ते राहिलंच. त्या शेवटच्या दुपारी मी औषधं आणायला गेलो, तेव्हा तासभर तुम्हीच तिच्यापाशी होतात. तुम्ही कुणाला जुमानणाऱ्या नाही. तिला पाणी दिलंत का?

ता. क. ३. दिलं नसलंत, तरी दिलं म्हणून लिहा. मी खरं धरीन.